गुलालाला कडा नसते

चित्र आमच्याच ढोल-ताशा पथकातल्या एका मुलाने काढलं होतं. ध्वज घेऊन पुढे उसळलेला एक गडी, त्याच्यामागे ढोलांची रांग, डाव्या कोपऱ्यात गळ्यात ताशा अडकवलेली मुलगी आणि सगळ्यांच्या डोक्यावरून उतरत जाणारा गुलालाचा ढग. टॅबलेटवर काढलेलं असलं तरी अंगावर गुलाल पडतोय असं वाटायचं. सरावाच्या टी-शर्टवर हेच छापायचं यावर कुणाचंच दुमत झालं नाही. नदीपात्रातला सराव सुरू होऊन आठवडा झाला होता आणि गणपतीला दोन महिने उरले होते. कॉम्प्युटरचं काम म्हणून फाइल माझ्याकडे आली.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्या काकांकडे मी लॅपटॉप उघडून चित्र दाखवलं. त्यांनी ते क्षणभर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, रंग किती?"

मला उत्तर देता आलं नाही. मी म्हणाले, "पाच-सहा असतील."

"टी-शर्ट कुठला?"

"काळा."

"मग चारात बसवा. रंगाला एक पडदा. पाचवा पडदा चढला की दर चढला."

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडी किंवा अॅल्युमिनियमच्या चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते, तिलाच पडदा म्हणतात. जाळीवर उजेडाने घट्ट होणारं रसायन फासतात, त्यावर काळी छपाई असलेली फिल्म ठेवून उजेड देतात. जिथे फिल्म काळी, तिथे उजेड पोचत नाही, रसायन कच्चं राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जातं. तेवढीच जाळी उघडी पडते. मग स्क्वीजीने, म्हणजे रबराच्या पट्टीने, शाई ओढली की उघड्या जागेतून ती खाली कापडावर उतरते. म्हणजे एका जागी एका रंगाची शाई पडते किंवा पडत नाही. फिकट शाई, अर्धी शाई, जेमतेम शाई असला प्रकारच नाही.

आणि आमचं चित्र जवळजवळ सगळं त्या 'जेमतेम'वर उभं होतं.

घरी येऊन आधी रंग मोजले. फाइल ३६०० बाय ४२०० पिक्सेलची होती. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, छापली तर बारा इंच रुंद, चौदा इंच उंच. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५, म्हणजे शक्य असलेले रंग १,६७,७७,२१६. शिवाय चौथा आकडा अल्फाचा, तो पिक्सेल किती पारदर्शक आहे ते सांगणारा. शून्य म्हणजे काहीच नाही, २५५ म्हणजे भरीव. इमेजमॅजिक या प्रोग्रॅमला यात वेगवेगळे रंग किती असं विचारलं, तर आकडा ८७ हजारांच्या वर निघाला. त्यातून चार उरवायचे होते.

मी हे काम गिम्प या चित्रं संपादित करायच्या प्रोग्रॅममध्ये केलं. ते फुकट मिळतं आणि मला त्याची सवय आहे. इमेज मेनूत मोड, मोडमध्ये इंडेक्स्ड. इंडेक्स्ड म्हणजे पिक्सेलमध्ये रंग न ठेवता फक्त क्रमांक ठेवायचा, आणि कुठला क्रमांक म्हणजे कुठला रंग याची छोटी यादी बाजूला ठेवायची. त्या यादीला पॅलेट म्हणतात. पॅलेटमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग मावतात, कमीत कमी कितीही चालतात. खिडकी उघडली की पहिलाच पर्याय असतो, प्रोग्रॅमने स्वतःच उत्तम पॅलेट तयार करण्याचा. मी रंगांची संख्या ४ टाकली आणि बटण दाबलं.

ढोल आले, चेहरे आले, भगवा ध्वज आला. गुलाल गेला. ढगाच्या जागी मातकट तपकिरी डाग पसरले होते. आमच्या चित्राचा जीवच नाहीसा झाला होता.

असं का झालं हे समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पण त्या दोन संध्याकाळी नसत्या तर पुढचं काम झालंच नसतं. गिम्प यासाठी मीडियन कट नावाच्या पद्धतीचं एक रूप वापरतो. पॉल हेकबर्टने १९८२ साली ती शोधनिबंधात मांडली. चित्रातले सगळे पिक्सेल त्यांच्या रंगानुसार एका पेटीत मांडले आहेत अशी कल्पना करा: लांबी लाल, रुंदी हिरवी, उंची निळी. पेटीची जी बाजू सगळ्यात लांब, तिथे सुरी लावायची आणि दोन्हीकडे सारखे पिक्सेल येतील असा काप द्यायचा. मग त्या दोन पेट्यांमधून निवडून पुन्हा काप. हवे तितके तुकडे झाले की प्रत्येक तुकड्यातल्या रंगांची सरासरी काढायची आणि तो झाला पॅलेटचा एक रंग.

यात सुरी चालते ती गर्दीच्या हिशेबाने. आमच्या चित्रात ढोलांचा तपकिरी आणि रात्रीचा काळपट रंग मिळून अर्ध्याहून जास्त जागा होती. गुलाल मोजायला गेलं तर थोडाच, तोही विरळ. त्याला स्वतंत्र पेटी मिळालीच नाही. त्वचेच्या रंगाबरोबर त्याची सरासरी निघाली. प्रोग्रॅम चुकला असं मी म्हणणार नाही. कुठला रंग थोडा असूनही महत्त्वाचा आहे हे त्याला कळायचा काही मार्गच नव्हता. ते मलाच सांगायला हवं होतं.

म्हणून दुसऱ्यांदा पॅलेट माझ्या हाताने बनवला. काकांकडून शाईचे नमुने आणले होते, कापडाच्या पट्टीवर ओढलेले. ते दिवसाच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरून चार रंग जुळवले: पांढरा, भगवा, पिवळा आणि गुलालाचा गडद गुलाबी. पॅलेटला पथकाचं नाव दिलं, इंडेक्स्डच्या खिडकीत प्रोग्रॅमच्या पॅलेटऐवजी स्वतःचा निवडला. तिथे न वापरलेले रंग काढून टाकण्याची एक खूण असते, ती आठवणीने काढली. नाहीतर पॅलेटमधले क्रमांक पुढच्या प्रयोगात सरकतात.

या वेळी गुलाल आला, पण सगळीकडे आला. चित्रातली प्रत्येक बाह्यरेषा, ढोलाच्या दोऱ्या, डोळ्यांच्या बाहुल्या, केस, सगळं गुलाबी. रंग बदलताना प्रोग्रॅम प्रत्येक पिक्सेलला पॅलेटमधला सगळ्यात जवळचा रंग देतो. माझ्या पॅलेटमध्ये काळा नव्हता. मी तो घातलाच नव्हता, कारण काळी शाई लागणार नव्हती. काळं तर कापडच होतं. मग काळ्या रेषेला जवळचा कोण? चारांत सगळ्यात गडद असलेला गुलाबी.

त्या क्षणी मला या कामातली खरी गोष्ट कळली. कापड हाही एक रंग आहे. शाई नसणं हाही पॅलेटमधलं एक घर अडवणारा रंग आहे, आणि तो पहिल्यांदा ठरवावा लागतो. मी पॅलेटमध्ये पाचवा रंग घातला, शुद्ध काळा, आणि त्याला नाव दिलं 'कापड'. छपाईत त्याचा पडदा नाही, पण हिशेबात तो आहे. रेषा जागेवर आल्या, केस काळे झाले. तपकिरी ढोलांचं काय हा प्रश्न मात्र राहिला. तपकिरी रंग भगवा आणि काळ्याच्या मधोमध, त्यामुळे अर्धा ढोल भगवा आणि अर्धा नाहीसा. ते मी मुलाला परत दिलं. म्हटलं, "ढोलाचं पिंप भगव्या आडव्या रेघांनी काढ, मधे कापड दिसू दे." त्याने दोन तासांत काढून पाठवलं आणि ते मूळपेक्षा सरस झालं.

आता पारदर्शकता. इथे माझे सगळ्यात जास्त दिवस गेले.

गिम्पमध्ये चित्र इंडेक्स्ड झालं की अल्फाला दोनच किमती उरतात: आहे किंवा नाही. मधल्या सगळ्या छटा अर्ध्यावर कापल्या जातात. १२८ च्या वरचं भरीव, खालचं गायब. ढोलाला हे चालतं, ध्वजाला चालतं. गुलालाला नाही चालत. गुलालाला कडा नसते. मूठभर गुलाल वर फेकला तर मधे तो दाट असतो, मग विरत जातो आणि कुठे संपला ते कुणी बोट ठेवून दाखवू शकत नाही. माझ्या स्क्रीनवर त्याला कात्रीने कापल्यासारखी कड आली होती. ढगाऐवजी गुलाबी चिंधी दिसत होती.

त्यातच आणखी एक दुखणं वर आलं. चित्र काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून मोठं करून पाहिलं तेव्हा प्रत्येक आकृतीभोवती पांढरे कण दिसले, ताटाच्या कडेला मीठ सांडावं तसे. कारण शोधत गेले तर ते सोपं होतं. मुलाने चित्र पांढऱ्या कागदावर काढलं होतं आणि शेवटी 'जादूची कांडी' नावाच्या, सारखा रंग निवडणाऱ्या साधनाने पांढरं निवडून पुसलं होतं. पण रेषेची कड गुळगुळीत दिसावी म्हणून तिथले पिक्सेल रेषेचा रंग आणि कागदाचा पांढरा यांचं मिश्रण असतात. कागद पुसला तरी मिश्रण तसंच राहतं. पांढऱ्यावर ते दिसत नाही, काळ्यावर झळकतं. आणि माझ्या पॅलेटमध्ये पांढरी शाई असल्यामुळे ते कण चक्क पांढऱ्या शाईला जाऊन मिळाले होते. छापलं असतं तर प्रत्येक ढोलकऱ्याला पांढरी झालर लागली असती.

पुसून-पुसून ते जात नाही. मी एक संध्याकाळ त्यात घालवली. शेवटी मुलाला फोन केला आणि मूळ लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, मागवले, कागदाचा लेयर बंद करून. त्याने आधी ते चॅटवर फोटो म्हणून पाठवले, तर पारदर्शक जागा भरून आल्या. फोटो म्हणून गेलं की त्याचं जेपेग होतं आणि जेपेगमध्ये अल्फाला जागाच नसते. मग त्याने डॉक्युमेंट म्हणून पाठवले तेव्हा फाइल शाबूत आली. राहिलेल्या कडांसाठी गिम्पमध्ये सेमी-फ्लॅटन नावाची सोय आहे. पार्श्वभूमीचा रंग काळा निवडून ती चालवली की अर्धवट पारदर्शक पिक्सेल त्या काळ्यात मिसळून भरीव होतात, आणि पूर्ण रिकामे मात्र रिकामेच राहतात. काळ्यात मिसळलेली कड रंग बदलताना 'कापड'कडे जाते, म्हणजे दिसेनाशी होते. मीठ गेलं. हे सगळं गुलालाचा लेयर वेगळा ठेवून केलं, कारण त्याला हा उपाय लावला असता तर तोही काळवंडला असता.

गुलालासाठी इंडेक्स्डच्या खिडकीत एक खूण आहे: पारदर्शकतेचं डिदरिंग. डिदरिंग म्हणजे मधली छटा नसली तर ठिपक्यांची दाटी कमी-जास्त करून तिचा भास आणायचा. यातली सगळ्यात प्रसिद्ध पद्धत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची, १९७६ सालची. एका पिक्सेलला जवळचा रंग देताना जी चूक उरते ती टाकून न देता शेजाऱ्यांना वाटायची: उजवीकडच्याला सोळातले ७ भाग, खालच्या डावीकडच्याला ३, थेट खालच्याला ५, खालच्या उजवीकडच्याला १. चूक पुढेपुढे सरकत जाते आणि एकंदरीत हिशेब जुळतो. मला हे फार आवडलं. प्रत्येक पिक्सेल एकटा चुकीचा असतो आणि सगळे मिळून बरोबर असतात. पारदर्शकतेच्या डिदरिंगमध्येही तत्त्व हेच, फक्त रंगाऐवजी 'आहे-नाही'ची दाटी विरळ होत जाते.

खूण केली आणि स्क्रीनवर ढग परत आला. अगदी मऊ, रवाळ, हवेत तरंगणारा. मी तो आईला दाखवला. रात्री अकराला पथकाच्या गटावर टाकला. दुसऱ्या दिवशी फिल्म काढून काकांना दिली.

काकांनी पडदा बनवला, काळ्या कापडाच्या तुकड्यावर शाई ओढली आणि पडदा उचलला. ढगाच्या विरळ भागात काहीही नव्हतं. दाट भागात ठिपके एकमेकांत मिसळून गोळा झाला होता. स्क्रीनवरचा मऊपणा दोन्ही बाजूंनी गेला होता.

काकांनी चिडचिड केली नाही. त्यांनी पडदा खिडकीकडे धरला आणि मला जवळ बोलावलं. "इकडे बघा, ताई. इथं बारीक ठिपके होते फिल्मवर. उघडलेच नाहीत. उजेड कडेनं आत शिरतो. ठिपका एवढुसा असला की दोन्हीकडून उजेड येऊन त्याला बुजवतो. आणि इथं बघा, दाट जागेत मधे जी बारीक भोकं ठेवली होती तुम्ही, तिथं रसायनाचा कण एवढासा, धागा धरायला जागाच नाही, फवाऱ्यात निघून गेला." मग नखाने दाखवलं, "अर्धा मिलिमीटर. त्याच्याखाली माझी जाळी धरत नाही."

मी तिथेच वहीवर गणित केलं. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा. अर्धा मिलिमीटर म्हणजे सहा पिक्सेल. माझे ठिपके एकेका पिक्सेलचे होते. मी स्क्रीनसाठी काम केलं होतं आणि ते जायचं होतं जाळीवर.

मग हाफटोनकडे वळले. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली पाहिला असेल तर ते ठिपके आठवतील: सारख्या अंतरावर, पण लहान-मोठे. डिदरिंगमध्ये ठिपका एकाच मापाचा आणि दाटी बदलती. हाफटोनमध्ये जागा ठरलेली आणि माप बदलतं. गिम्पमध्ये त्यासाठी न्यूजप्रिंट नावाचा फिल्टर आहे. इंडेक्स्ड झालेल्या चित्रावर असले फिल्टर नीट चालत नाहीत, म्हणून हे सगळं रंगीत मोडमध्ये असतानाच करून घ्यायचं आणि रूपांतर अगदी शेवटी. ही क्रमवारी मी दोनदा चुकवली आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून केलं.

गुलालाच्या लेयरचा फक्त अल्फा वेगळा काढला. तो करड्या चित्रासारखा दिसतो: दाट जागा पांढरी, विरळ जागा काळपट. इंचाला २५ ठिपके धरले, म्हणजे एका ठिपक्याला १२ बाय १२ पिक्सेलचं घर, १४४ पिक्सेलचं. त्यात सहा पिक्सेल व्यासाचा गोल ठिपका बसवला तर त्याचं क्षेत्रफळ २८ पिक्सेलच्या आसपास, घराचा जेमतेम वीस टक्के. म्हणजे वीस टक्क्यांपेक्षा विरळ गुलाल या जाळीवर छापणं शक्यच नाही. दुसऱ्या टोकालाही तेच: ऐंशी टक्क्यांच्या वर मधली भोकं टिकणार नाहीत, तिथे सरळ भरीव करायचं. लेव्हल्स या छटा कमी-जास्त करायच्या सोयीत जाऊन मी गुलालाच्या सगळ्या छटा या वीस ते ऐंशीच्या मधे आणून बसवल्या. त्याच्या खालचं सोडून दिलं. सोडताना वाईट वाटलं, कारण ढगाची सगळ्यात सुंदर बाजू तीच होती. पण कुठलं धुकं जाळी धरेल आणि कुठलं नाही हे मी ठरवलं नसतं तर पाण्याच्या फवाऱ्याने ठरवलं असतं.

ठिपक्यांच्या ओळी २२.५ अंशांत तिरप्या केल्या, कारण त्या जाळीच्या धाग्यांना समांतर गेल्या तर कापडावर नको ती पट्टेदार नक्षी उठते. मग थ्रेशोल्ड लावून, म्हणजे एका मर्यादेच्या वरचं सगळं भरीव आणि खालचं रिकामं करून, कडा कोरड्या केल्या, ठिपक्यांत गुलाबी भरला, खाली बाकीचं चित्र ठेवलं आणि शेवटी पाच रंगांच्या माझ्या पॅलेटवर इंडेक्स्ड केलं. डिदरिंग अजिबात नाही. या वेळी प्रत्येक पिक्सेल कुठे जाणार हे मला आधीच माहीत होतं.

मजकुराची गोष्ट वेगळीच निघाली. चित्राखाली 'नादात रंगलो' असं लिहिलेलं होतं. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारं अँटिअलायझिंग बंद केलं, शिरोरेषा आणि काने ठळक होते, ते नीट आले. पण कडा कोरड्या झाल्यावर अनुस्वाराचा टिंब मोजला तर पाच पिक्सेलचा. म्हणजे काकांच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तो उघडला नसता आणि शे-सव्वाशे मुलामुलींच्या छातीवर 'नादात रगलो' छापलं गेलं असतं. मी टिंब हाताने अकरा पिक्सेलचा केला. देवनागरी छापणाऱ्या कुणालाही माझं सांगणं आहे की टिंब, नुक्ता, रफार आणि उकाराची शेपटी हे वेगळे मोजा. लॅटिन अक्षरासाठी जी जाडी पुरते ती आपल्याला पुरेलच असं नाही, कारण आपला अर्थ शिरोरेषेच्या वर आणि पायाच्या खाली पसरलेला असतो.

पडदे वेगळे करणं त्यामानाने सुखाचं होतं. रंगानुसार निवड, थ्रेशोल्ड शून्य म्हणजे नेमका तोच रंग, कडा मऊ करण्याच्या खुणा बंद. भगवा निवडला, नव्या लेयरवर काळा भरला, फिल्म तयार. पॅलेट आपला असेल तर एक क्लिक म्हणजे एक पडदा.

अडलं ते पांढऱ्याशी. काळ्या कापडावर भगवा थेट ओढला की तो विटकरी दिसतो, कापडाचा काळा त्यातून वर येतो. म्हणून रंगाखाली आधी पांढऱ्याचा थर देतात. तो रंगापेक्षा दोन-तीन पिक्सेल आत घ्यायचा, म्हणजे पडदा किंचित सरकला तरी पांढरं बाहेर डोकावत नाही. ध्वज, ढोलाच्या रेघा, ताशाचं पिवळं भांडं यांच्याखाली मी तो दिला. गुलालाच्या सहा पिक्सेलच्या ठिपक्याला दोन्हीकडून तीन पिक्सेल आत घेतलं तर काय उरणार? काहीच नाही.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "विरळ गुलालाखाली पांढरा देऊच नका. दाट आहे तिथंच द्या. बाकी सोडा कापडावर."

"फिका पडेल ना पण?"

"पडू द्या की. गुलाल लांब गेला की फिकाच दिसतो."

पहिला टी-शर्ट निघाला तेव्हा मी टेबलाजवळ उभी होते. पांढरा ओढला, ड्रायरने वाळवला. मग पिवळा, मग भगवा. ध्वज एकदम पेटल्यासारखा उठला. गुलालाचा पडदा शेवटी. काकांनी स्क्वीजी स्वतःकडे ओढली, चौकट उचलली. मधे जिथे पांढऱ्याचा थर होता तिथे गुलाबी लखलखीत होता. त्याच्या बाहेर ठिपके थेट काळ्यावर उतरले होते, आणि तिथे कापडाने त्यांना आतून गडद केलं होतं. बाहेर जाताना ठिपका लहान होत होता आणि सगळ्यात शेवटचा ठिपका कापडात मिटून गेला होता. जी अर्धी पारदर्शकता मी पंधरा दिवस पॅलेटमध्ये कोंबायचा प्रयत्न करत होते, ती शाईच्या पातळ थराने आणि काळ्या सुताने आपणहून आणली. हात लांब करून पाहिलं तर ठिपके दिसेनासे झाले आणि ढग राहिला. मी अनुस्वार पाहिला. होता.

हेच चित्र नंतर पथकाच्या वेबसाइटसाठीही लागलं आणि तिथे नियम किती वेगळे आहेत ते जाणवलं. मर्यादित पॅलेट तिथेही होता, फाइल हलकी व्हावी म्हणून. पण १९९६ पासून असलेल्या पीएनजीमध्ये पॅलेटमधल्या प्रत्येक रंगाला स्वतःचा अल्फा देता येतो. तोच गुलाबी एकदा भरीव, एकदा अर्धा, एकदा पाव, अशी तीन घरं अडवू शकतो. पीएनजीक्वांट नावाचा छोटा प्रोग्रॅम नेमकं हे करतो. त्याला मूळ फाइल दिली तर २५६ रंगांत गुलाल विरत-विरत गेलेला मिळाला, फाइलचं वजन एक चतुर्थांशाच्याही खाली. जीआयएफ वापरलं असतं तर पुन्हा एकच पारदर्शक रंग, पुन्हा चिंधी. त्या रात्री मला स्क्रीनवरचं काम जितकं सोपं वाटलं तितकं कधी वाटलं नव्हतं.

पॅलेटची फाइल मी जपून ठेवली आहे. त्यात रंगांच्या पाच ओळी आहेत, शेवटच्या ओळीत 'कापड'. विसर्जनानंतर महिन्याभराने तो मुलगा ती घेऊन गेला. पुढच्या वर्षाचं चित्र आता तो थेट त्या पॅलेटवर काढणार आहे, गुलालासाठी बारा पिक्सेलच्या घरांचा ब्रशही त्याने बनवला आहे. परवा त्याचा फोन आला. अजून एक रेघ ओढलेली नव्हती. म्हणाला, "ताई, आधी सांग, या वेळी टी-शर्ट कुठल्या रंगाचा?"